सव्वा लाखेची

रात्रीची शेवटची बस चढ चढू लागली
की जिन्याखालच्या कपाटात ती खुळखुळायची,
गॅसच्या मीटरशेजारी, छत्र्यांच्या गर्दीत.
चेस्टरफील्डच्या लिलावातली दोनशे चौदा नंबरची वस्तू:
'हिंदुस्थानी तलवार, मूठ सैल, आहे तशी.'
सत्तर पौंड. माझ्याशिवाय कुणी हात वर केला नाही.

केतकी म्हणाली, आई, पोलीस येतील.
यांनी विचारलं, हिचं करायचं काय?
म्हटलं, आधी गप्प करायचं.

शेजारचे स्टॅनिफोर्थ, चाळीस वर्षं
शेफील्डच्या कानशींच्या कारखान्यात काढलेले,
त्यांनी ती कुंपणावरून घेतली
दुसऱ्याचं तान्हं मूल घ्यावं तशी,
हलवली, कान लावला, हसले.
त्यांच्या चार बोटांना मुठीत जागाच नव्हती.
माझा हात मात्र नेमका बसतो.
म्हणाले, दोन नळ्यांचा गोंद देतो,
एकदा धरला की जन्मात सुटायचा नाही.

तेच तर नको होतं.
जन्मात न सुटणारं पुष्कळ आहे माझ्याकडे.

रविवारी वरणाचं मोठं पातेलं चढवलं.
मूठ पाण्यात, पातं छताकडे.
उकळी फुटली तसा वास आला
मनमाडच्या पोस्टाचा:
अण्णा रजिस्टरच्या थैलीवर लाख ठिबकवायचे,
वर पितळी शिक्का दाबायचे,
आणि मला लांब उभं राहायला सांगायचे.
एक काळा थेंब वर आला. मग बरेच.
फडकं गुंडाळून पिळलं
तर मूठ इतकी सहज हातात आली
की माझ्या तोंडून 'सॉरी' निघालं.

आत पात्याचं शेपूट, गंजकं, बोटभर.
त्याला चिकटलेली कागदाची घडी, पाचर म्हणून मारलेली.
चिमट्याने उलगडली:
ट्रामचं तिकीट. दीड पेनी. अ‍ॅटरक्लिफ.

म्हणजे कुणीतरी इथेच,
असल्याच एका अरुंद स्वयंपाकघरात,
खिशात हात घालून जे मिळालं ते घातलं होतं.
बाई की बुवा, कोण जाणे.
ट्राम गेली की त्याच्याही घरात ही वाजत असेल.
त्यालाही कुणीतरी म्हणालं असेल, पोलीस येतील.

फर्निचर पॉलिशच्या दुकानातून लाखेच्या चकत्या आणल्या,
खलबत्त्यात कुटल्या.
परसातल्या भिंतीची एक वीट तशीही हलत होती,
तिचा कोपरा किसून भुकटी केली, वस्त्रगाळ.
दोन वाटे लाख, एक वाटा वीट.
झाकली मूठ सव्वा लाखाची, अण्णा म्हणायचे,
पगाराच्या आदल्या आठवड्यात तर हमखास.
ही लाखेची. सव्वा कसली, पाऊण वाटीच लागली.

पाचरीला माझंही काही घालावं म्हटलं.
पण बसला आता तिकीट कुठे, कार्ड टेकवतो.
पर्समध्ये किराण्याची पावती होती:
मेथी दोन जुड्या, दही, बल्ब.
घडी घालून सरकवली.
धग लागली आणि पावती काळी ठिक्कर.
मेथी गेली, दही गेलं, तारीख गेली.
पुढच्याला काय कळणार होतं?
ओढून काढली. बोट भाजलं.
मग त्याचंच तिकीट परत घातलं.
ते आधीच एकदा तापून निघालेलं.

पातं तापवून मुठीत रोवलं,
वाकडं बसलं, पुन्हा तापवलं,
दोरीने आवळून खुर्चीला टेकवलं,
आणि कुणी हात लावायचा नाही अशी तंबी दिली
ज्यांना लावायचाच नव्हता त्यांना.

रात्री बस आली.
रॅकवरचे कप किणकिणले. खिडकीची काच थरथरली.
कपाटातून काही नाही.

मी खाली गेले, अनवाणी.
छत्र्या बाजूला केल्या, तिला बाहेर घेतलं,
पॅसेजमध्ये, गाऊनवर, एकदा फिरवली.
मुठीची तबकडी मनगटाला टोचली.
बोलली नाही. पुन्हा फिरवली, जरा जोरात.
बरं वाटायला हवं होतं.

भिंतीपलीकडे स्टॅनिफोर्थ खोकले.
मी तिला परत मीटरशेजारी ठेवलं
आणि एक छत्री,
दांडा सैल झालेली,
सोबत कलती लावली.